मास्तरांचं दूध

आमच्या मास्तरांना लग्नाला बोलवावं की नाही, यावरून सोलापुरातल्या निदान तीन-चार घरांत तरी वाद झाले असतील. माणूस सज्जन. वेळेवर येणार, आहेर करणार, मानापमानाची भानगड नाही. पण पंगतीला बसले की समोरच्या कागदी ताटलीत बोटानं पाण्याचा एक थेंब सोडायचे आणि त्यावर वाकून मोजायला लागायचे. मोजणी तेलुगूत. ओकटि, रेंडु, मूडु. वाढपी भाताचं पातेलं घेऊन ताटकळलेला आणि हे आपले थेंबाकडे बघतायत. थेंब जिरला नाही तर खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक जुनी बाटली निघायची. तिच्यात गोडंतेल. मग तेलाचा एक थेंब. तोही मण्यासारखा टिकला की मास्तर ताटली अलगद बाजूला सारायचे, पिशवीतून स्वतःची स्टीलची ताटली काढायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "पाणी तर मेणावर पण उभा राहतो. तेल उभा राहिला की समजायचं, ह्यात गडबड हाय."

शेजारी बसलेल्याला वाटायचं, जेवणातच काहीतरी गडबड आहे. एकदा मुलीचे मामा तडक आचाऱ्यावर धावून गेले होते. मी त्या दिवशी मास्तरांच्या उजव्या हाताला बसले होते, आणि धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं मला झालं होतं.

पाणी आणि तेल, मास्तरांच्या मराठीत दोघंही पुरुष. घरची भाषा तेलुगू, गिरणीतली मराठी, आणि चिडले की दोन्हींची खिचडी. शिक्षणाबद्दल विचारलं तर कधी सातवी नापास सांगायचे, कधी नववी. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. कापड रंगवून, धुऊन, त्याला शेवटचा हात फिरवणाऱ्या कारखान्यात त्या त्या खात्याच्या प्रमुखाला मास्तर म्हणतात. आमचे मास्तर फिनिशिंग खात्याचे. त्यांच्या पसंतीशिवाय आमच्या कारखान्याच्या फाटकातून वीतभर कापड बाहेर पडत नसे. मालकसुद्धा त्यांना आधी विचारत आणि मग निर्णय घेत. निर्णय अर्थात मास्तरांनी सांगितला तोच असायचा.

मी मोडनिंबची. बी.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागले, तेव्हा डोक्यात केमिस्ट्रीची हवा बरीच होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं दोन तुकडे टाकले, एक टॉवेलचा, एक शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा. दोन्हींवर एकेक थेंब सोडला. टॉवेलवरचा तिसऱ्या आकड्याला गडप. गणवेशाच्या कापडावरचा तिथंच लकलकत राहिला.

"कुठला चांगला, अम्मा?"

एक तर या माणसानं मला अम्मा का म्हणावं ते कळेना. मी बावीस वर्षांची. तेलुगू घरात लहान पोरीलाही अम्मा म्हणतात, हे मला नंतर समजलं. मी ऐटीत सांगितलं, "टॉवेल चांगला. शोषणक्षमता उत्तम आहे."

"दोन्ही चांगले," मास्तर म्हणाले. "ह्याचं काम पिणं, त्याचं काम नाही म्हणणं. आपलं काम केला तो चांगला." आणि वर विचारलं, "कॉलेजात हे नाही सांगितले की?"

कॉलेजात हे खरंच सांगितलं नव्हतं.

कापड कळायला मास्तरांना यंत्र लागत नसे. हुंगायचे, कानाशी नेऊन चुरगाळायचे, गालावर फिरवायचे. नखं कायमची निळी. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कारण रंगाच्या कारखान्यात पांढरा शर्ट पांढरा ठेवतो तोच खरा मास्तर, असं त्यांचं म्हणणं. यंत्रांना त्यांनी नावं ठेवली होती. कापड दोन्ही काठांनी खिळ्यांत धरून गरम भट्टीतून ओढत नेणारं लांबलचक यंत्र असतं, स्टेंटर. त्याला ते 'अत्ता' म्हणत. म्हणजे सासू. "दोन्हीकडनं धरते अन् भाजते," हे स्पष्टीकरण. आणि काम जमलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा, "पक्का." रंग पक्का, धुलाईला पक्का, उन्हाला पक्का. बाकी कुणाचं कौतुक करायला त्यांच्याकडं दुसरा शब्दच नव्हता. माझ्या लग्नात नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी मला हळूच सांगितलं, "पक्का हाय." मी त्या एका शब्दावर आजवर संसार केला आहे.

आता दुधाची गोष्ट.

गणवेशाच्या कापडावर शाई, वरण, चहा काही ठरू नये म्हणून शेवटी एक फिनिश देत असत. ते निळ्या पिंपातून यायचं आणि दिसायला थेट दूध. पांढरं, दाट, वासाला जवळजवळ काही नाही. कापड त्या दुधातून बुचकळून पिळून निघायचं, मग 'अत्ते'च्या भट्टीतून जायचं, की झालं. पन्नास वेळा धुतलं तरी पाणी वरच्या वर. या दुधावर मास्तरांचा भारी जीव होता, कारण सगळ्या कारखान्यात पक्कं म्हणावं असं तेच होतं. रंग कधी ना कधी विटतो. दूध विटत नाही.

मास्तरांची गल्ली विणकरांची. घरोघरी पुरुष यंत्रमागावर आणि बायका विड्या वळायला. विडीची पानं भिजवून ओली ठेवावी लागतात, सूप दिवसभर मांडीवर. त्यामुळं साडी मांडीवर कायम ओली, वर तंबाखूचा तपकिरी डाग, आणि थंडीच्या दिवसांत तो ओला गारठा पार हाडात शिरणार. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मांड्या अशाच आखडून जायच्या. मास्तर हे बघत असणार. मायेचं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी काय केलं, तर काकूंची एक साडी उचलून कारखान्यात नेली, गणवेशाच्या कापडाच्या लॉटला शेवटी टाके घालून जोडली आणि दुधातून काढून आणली. लॉटच्या मागं अशी एखादी साडी शेपटीसारखी जायची आणि भट्टीच्या दुसऱ्या टोकाला मास्तर हात पुढं करून उभे असायचे.

काकूंची मांडी कोरडी राहिली, हे गल्लीला कळायला एक दिवस पुरला. मग काय, "मास्तर, आमच्या पण साडीला दूध पाजून आणा की." दर महिन्याला दोन-चार साड्या. मालकानं कधी बघितलं, कधी बघून न बघितल्यासारखं केलं. पुढं तर रिवाजच पडला. गल्लीत नवी सून आली की मास्तरांकडून तिला दूध पाजलेली एक साडी भेट. सुना ती कौतुकानं जपायच्या आणि रोज नेसायच्या. अशी वीस-पंचवीस वर्षं गेली असतील.

आणि मग ते पत्र आलं.

परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचं होतं. पुढच्या मालाला हे फिनिश चालणार नाही, तसं लिहून द्या. सोबत कारणांची दोन पानं, इंग्रजीत. मास्तरांनी मला वाचायला बसवलं. मी वाचत गेले तसं भाषांतर करत गेले. ही रसायनं मोडत नाहीत. पाण्यात जातात, मातीत जातात, तिथंच राहतात. माणसाच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं मुक्काम करतात. शरीरातल्या हार्मोनच्या कामात त्यांची ढवळाढवळ असू शकते. थायरॉइडशी संबंध असू शकतो. गर्भधारणेशी, गर्भाच्या वाढीशी संबंध असू शकतो.

"शकतो म्हणजे?" मास्तरांनी मला तिथंच अडवलं. "हाय की नाही?"

"मास्तर, तसंच लिहिलंय. असू शकतो."

"रजिस्टरात मी कुणाला 'असू शकतो' लिहू देतो काय? थेंब जिरला की नाही जिरला. पाच आकड्याला की सात आकड्याला. शकतो कसला?"

ते रागावले होते असं मला वाटलं. ते घाबरले होते. काकूंना दोन वर्षांपूर्वीच थायरॉइड निघाला होता आणि सकाळी उपाशीपोटी त्यांच्या हातावर गोळी ठेवायचं काम मास्तर स्वतः करायचे. माझ्या हातातली पानं त्यांनी काढून घेतली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग माझ्या पोटाकडं बघितलं. मला तिसरा महिना होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर माझं टेबल जागेवर नाही. खुर्ची, बाटल्या, वह्या, सगळं टॉवेल खात्याच्या पार त्या टोकाला नेऊन मांडलेलं. मला न विचारता. फिनिशिंगची प्रयोगशाळा म्हणजे बढतीची वाट होती, आणि पोटुशी बाई बघून म्हाताऱ्यानं मला कोपऱ्यात टाकलं असं मला वाटलं. मी तसं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलंसुद्धा. मोडनिंबची जीभ आहे, लागली की रक्त काढते. पंधरा दिवस बोलले नाही. ते रोज दुपारी यायचे, माझ्या टेबलावर पेरू नाहीतर शेंगाचटणीची पुडी ठेवायचे आणि उभ्या उभ्या म्हणायचे, "पोर झाल्यावर रागव. वर्षभर रागव. तवर तिकडं यायचं नाही."

माझी मुलगी आता तिसरीत आहे. धडधाकट आहे, माझ्यापेक्षा तोंडाळ आहे. टेबल हलवल्यामुळं ती धडधाकट झाली की तशीही झालीच असती, हे मला सांगता येणार नाही. पण त्या माणसानं माझ्या पोरीसाठी माझ्या शिव्या खाल्ल्या, हे मी विसरणार नाही. माझ्या वडिलांनंतर माझी एवढी काळजी कुणी केली असेल तर ती मास्तरांनी.

कारखान्यात नवं दूध आलं. विक्रेता म्हणाला, हे निर्धोक आहे. मास्तरांनी त्याला एकच विचारलं, "मागचा पण तुमच्याच साहेबांनी निर्धोक म्हणून आणला होता की?" विक्रेत्यानं चहा अर्धा टाकला. पुढं मास्तर निवृत्त झाले आणि हे थेंबाचं वेड तिथून सुरू झालं. ताटल्या, मिठाईचे खोके, पोरांची रेनकोटं, दुकानातले सोफे. घरातला नॉनस्टिक तवा त्यांनी भंगारवाल्याला दिला, आणि काकूंचे डोसे महिनाभर लोखंडी तव्याला चिकटत राहिले. काकू म्हणायच्या, "जन्मभर दुसऱ्याला न चिकटणारं करून दिलं, अन् माझ्या नशिबाला हे."

मीही हसायचे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि ती हसण्यावारी नेता येत नव्हती. मास्तर सगळ्या सोलापूरला सांगत सुटले होते. अनोळखी लग्नांत, दुकानांत, एसटीच्या बाकावर. फक्त आपल्या गल्लीला त्यांनी चकार शब्द सांगितला नव्हता. घरीसुद्धा नाही. काकू रोज तीच साडी नेसून विड्या वळत होत्या.

मध्ये एकदा ते काकूंची फाइल घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडं गेले. काकूंना न सांगता, मला सोबत घेऊन. डॉक्टर बाई तरुण होत्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. मास्तरांनी साड्यांचं पहिल्यापासून सांगितलं, खिशातून पत्राची घडी काढून ठेवली आणि विचारलं, "माझ्यामुळं झालं काय?"

बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून सांगितलं. शरीरात हार्मोन निरोप घेऊन फिरतात. ही रसायनं त्या निरोपांच्या वाटेत येत असावीत, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसतंय. "पण काका, थायरॉइड कितीतरी कारणांनी बिघडतो. या साड्या न नेसलेल्या हजारो बायकांना आहे. काकूंना नेमका कशानं झाला, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

"एवढं शिकून?"

"शिकले म्हणूनच," डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मास्तर रसवंतीच्या बाकावर बसले. "हाय म्हणाली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मी बायकोचे पाय धरलो असतो. नाही म्हणाली असती तर झोपलो असतो. शकतोवर माणूस काय करायचं, अम्मा?" मी उसाचा रस मागवला.

शेवटी गेल्या वर्षी त्यांनी काकूंना सांगितलं. कसं सांगितलं ते मला काकूंकडून कळलं. सकाळची गोळी हातावर ठेवली आणि हात सोडेचनात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, गोळी गिळली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी तुमच्या घरातली. मी उद्या भांडीन, परवा डोसा करून घालीन. ज्यांच्या साड्या नेल्या त्यांना सांगा."

हीच तर त्यांची भीती होती. गल्लीत मास्तरांना देवाखालोखाल मान. साडीला दूध पाजणारा माणूस, सुनांचा लाडका. आता त्याच बायकांपुढं उभं राहून सांगायचं, की मी तुम्हांला जे प्रेमानं दिलं ते विष असू शकतं. शकतं म्हणजे काय असं त्या विचारणार, आणि ते ह्यांनाच ठाऊक नाही. मला बोलावणं आलं. "पत्र इंग्लिश हाय, तू ये," म्हणाले. पत्र त्यांना तोवर तोंडपाठ होतं.

दुपारची वेळ होती. ओट्यावर सात-आठ बायका सुपं घेऊन बसलेल्या, हात सरासर चाललेले. मास्तर पांढराशुभ्र शर्ट घालून त्यांच्यापुढं उभे राहिले आणि तेलुगूत सांगायला लागले. इतक्या वर्षांत मला ती भाषा समजण्यापुरती येऊ लागली होती. त्यांनी काही लपवलं नाही. दूध काय होतं, कुठून यायचं, पत्रात काय आलं, डॉक्टर काय म्हणाल्या. दर वाक्याला एक शब्द येत होता, 'उंडोच्चु'. असू शकतो. थायरॉइड, उंडोच्चु. पाळीचा त्रास, उंडोच्चु. ज्या शब्दावर ते माझ्यावर खेकसले होते, तो शब्द त्या दिवशी त्यांनी एकदाही गाळला नाही.

बोलून झालं तरी पानं कातरणं थांबलं नव्हतं. मग सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं माझ्यासाठी म्हणून मराठीत सुरुवात केली. "मास्तर, सकाळधरनं आमच्या नाकात तंबाखू हाय. खोकला हाय, डोळं चुरचुरत्यात. त्याचं कोण येऊन सांगितलं न्हाय कधी. अन् तुमी साडीचं सांगायलाव व्हय?"

बायका हसल्या. एकीनं पदर झटकून दाखवला, "बघा की, अजून पाणी ठरत न्हाय. पक्का हाय." हसणं वाढलं. मास्तरांना कुणी शिव्या घातल्या असत्या तर चालल्या असत्या, हसणं त्यांना सोसेना. तरी ते हलले नाहीत. म्हणाले, "साड्या परत द्या. मी दुसऱ्या आणून देतो. एकास एक."

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या नागमणीनं सूप खाली ठेवलं. गल्लीच्या टोकाच्या घरातली सून. तिच्याबद्दल काकूंनी मला पूर्वी सांगितलं होतं. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, तीनदा दिवस गेले, तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात मोकळी झाली. मूल नाही. तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही. सासूनं मात्र ते पहिल्याच वेळी शोधून ठेवलं होतं. हिच्याच अंगात खोट. तेव्हापासून गल्लीतल्या डोहाळजेवणाला नागमणी नाही, बारशाला नाही. कुणी नको म्हणायचं नाही, तीच जायची नाही. लग्नात मास्तरांनी दिलेली साडी तिच्या अंगावर होती, मांडीपाशी विरलेली.

तिनं वर न बघता विचारलं, "माझी तीन गेली, ती यानं?"

कुणीच हसलं नाही. मला वाटलं आता मास्तर खाली बसतील. मी पुढं होऊन काहीतरी सावरून घेणार होते, तसं सिद्ध झालेलं नाही, अशी खूप कारणं असतात, वगैरे. मास्तरांनी मला हातानं थांबवलं.

"ठाऊक नाही, अम्मा," ते म्हणाले. "उंडोच्चु."

नागमणीनं मान वर केली. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते. तिनं तोच शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग फार हळू आवाजात विचारलं, "म्हणजे माझी खोट नसू पण शकते?"

आम्ही दोघं त्या दोन पानांकडं आठ वर्षं एकाच बाजूनं बघत होतो. त्याला दुसरी बाजू आहे हे आम्हांला सुचलंच नव्हतं.

"नसू शकते," मास्तर म्हणाले.

"मग एवढं जरा आमच्या अत्तम्माला येऊन सांगा की," ती म्हणाली आणि उठलीच.

आम्ही तिच्या मागं गेलो. मी, मास्तर, आणि न सांगता उठून आलेल्या काकू. सासू खाटेवर पडून होती, नव्वदीची, कान बरे, नजर अधू. नागमणी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. वाटेत मी मास्तरांना बजावलं होतं, नीट सांगा, डॉक्टर म्हणाल्या तसंच सांगा, एक शब्द इकडचा तिकडं नको. इतक्या वर्षांत त्यांनी मला शिकवलेलं मी त्यांना सांगत होते.

मास्तर खाटेजवळ वाकले. म्हातारीच्या कानाशी जाऊन त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं. लग्नातल्या साडीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. "तुझ्या सुनेच्या अंगात खोट नाही," म्हणाले. मग म्हणाले, "तप्पु नादि." चूक माझी.

मी कान देऊन त्या एका शब्दाची वाट बघत होते. तो आलाच नाही.

म्हातारीनं पांघरुणातून हात काढला आणि नागमणीचं नाव घेतलं. पुढं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण काकूंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. नागमणीचं रडणं मात्र ओट्यापर्यंत आलं. सुपं घेऊन बसलेल्या बायकांचे हात थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मास्तर मागून आले. कोपऱ्यापाशी मला राहवलं नाही. जन्मभर ज्यांनी मला न तपासलेला एक आकडा लिहू दिला नाही, त्यांनी न तपासलेली गोष्ट एका मरायला टेकलेल्या बाईला खरी म्हणून सांगितली होती.

"मास्तर, तुम्ही उंडोच्चु म्हणाला नाहीत."

"नाही म्हणलो."

"पण तुमच्यामुळंच झालं, हे कुठं सिद्ध झालंय?"

मास्तर थांबले. शर्टाच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पुन्हा पहिल्या दिवशीच्या ऐटीत त्यांच्यापुढं उभी आहे.

"तिची खोट तरी कोण सिद्ध केला होता, अम्मा?" ते म्हणाले. "बावीस वर्षं म्हणत होते की सगळे. त्यातला एक जण तरी 'शकते' म्हणला काय?"